कोकणातल्या तांबड्या मातीत परसबाग: वाफशापासून आच्छादनापर्यंत

मिरगाचे दोन दणकून पाऊस झाले की सुट्टीला गावी आलेली मंडळी कुदळ घेऊन परड्यात उतरतात. माती मऊ झालेली असते, खणायला बरं पडतं, म्हणून त्याच चिखलात वाफे काढले जातात आणि बी टाकून सगळे मुंबईला परततात. दिवाळीला येऊन पाहावं तर वाफा चिऱ्यासारखा घट्ट, मुळा बोटाएवढा, वांग्याची पानं पिवळी. मग ठरून जातं की आपली जमीनच हलकी. मला दर वर्षी हा फोन येतो, आणि बहुतेक वेळा जमिनीत खोट नसते. तिला चुकीच्या दिवशी हात लावलेला असतो.

पुढचे टप्पे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या गोव्यातल्या जांभ्याच्या मातीसाठी आहेत. देशावरच्या काळ्या मातीचे नियम इथे आणू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि त्या हालचालीत थोडीफार आपोआप मोकळी होते. तांबडी माती फुगत नाही, म्हणून एकदा दाबली गेली की वर्षानुवर्षं तशीच राहते.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, म्हणजे बाकीचं पाठ करावं लागणार नाही. या मातीत चिकण भरपूर असते, पण लोहाच्या ऑक्साइडने तिचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून रव्यासारखे दाणे केलेले असतात. कोरडी माती हातात वाळूसारखी खरखरीत लागते ती यामुळे, आणि मुसळधार पाऊसही तिच्यात मुरतो तो यामुळेच. माती ओली असताना खणली, तुडवली, मळली की यातले बरेच दाणे मोडतात आणि आतली चिकण सुटी होते. ऊन लागलं की तिची वीट तयार. खालची निम्मी काळजी हे दाणे जपण्यासाठीच आहे.

## टप्पा १: जमीन ओळखा (एप्रिल-मे)

एकाच परड्यात तीन तऱ्हेची जमीन असू शकते. सड्याकडच्या बाजूला कातळावर वीतभर माती, उतारावर खोल आणि दाणेदार माती, व्हाळाकडे खाली चिकट मळी. तिघींना एकच उपाय चालत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळी तपासणी करा.

एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि ते पूर्ण मुरू द्या. पुन्हा भरून आत काठी उभी करा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा.

- तासाला २ सेंटीमीटरही उतरलं नाही, तर खाली चिकण थर किंवा सलग कातळ आहे. तिथे फळझाड लावू नका. अळू, केळी किंवा उंच गादीवाफे यांच्यासाठी ती जागा ठेवा.
- १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरलं, तर माती दाणेदार आहे. पावसाळ्यात चिंता नाही, पण जानेवारीनंतर पाणी पुरवून पुरणार नाही.
- यांच्या मधलं काही असेल, तर भाजीला यापेक्षा चांगली जागा शोधू नका.

नव्या घराभोवती आणखी एक गोष्ट तपासा, कारण ती सगळ्यात जास्त फसवते. पाया, शोषखड्डा किंवा विहीर खणताना निघालेली खालच्या थरातली पिवळसर-पांढरट चिकट माती बहुतेक वेळा तशीच परड्यात पसरून टाकतात. मूळची तांबडी माती तिच्याखाली गाडली जाते. कितीही शेणखत घाला, त्या थरावर दोन-तीन वर्षं काही धड होत नाही. ती खरवडून कुंपणाच्या कडेला लावा आणि खालची माती उघडी करा. माझ्या घरामागे हे काम करायला दोन माणसांना तीन दिवस लागले. तेवढं केल्यावर त्याच जागेवर पहिल्याच हंगामात वाल आला.

माती विकत आणणार असाल तर ती कुठली आहे ते विचारा. चिरेखाणीवरचा भुगा दिसायला लाल आणि मोकळा असतो, पण त्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतो. कुठल्या तरी परड्यातली वरची वीतभर माती त्यापेक्षा कितीतरी बरी.

मातीची चाचणी: ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंत कडेची माती तासून घ्या. सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विभागाच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्या. उकिरडा, झाडाचं आळं, बांध इथली माती नमुन्यात घेऊ नका. अहवालात सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल आहे ते), सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) हे चार आकडे पाहायचे. सामू हातात येईपर्यंत चुना विकत घेऊ नका.

## टप्पा २: आधी पाण्याची वाट, मग वाफे

बहुतेक जण वाफे आधी काढतात आणि पहिल्या पुरानंतर चर खणतात. तोवर वरची चांगली माती व्हाळातून वाहून गेलेली असते. कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून क्रम असा ठेवा: पाणी, वाफे, खत.

१. छपराच्या पागोळ्या कुठे पडतात आणि ते पाणी कुठून बाहेर जातं, ते मागच्या वर्षीच्या खुणांवरून ठरवा. पागोळीच्या रेषेत वाफा नको.
२. परड्याच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा, वीत-दीड वीत खोल चर काढा आणि त्याला एका बाजूला हलका ढाळ द्या. बाहेरून येणारं पाणी या चराने अडवून वळवायचं.
३. खालच्या अंगाला दगडांचा गडगा घाला. गडग्यात मातीचा गिलावा नको. दगडांमधून पाणी गेलं पाहिजे आणि माती मागे राहिली पाहिजे.
४. गडग्याच्या आतल्या बाजूने गवती चहा किंवा वाळा लावा. दोन वर्षांत मुळांची जाळी धरते.

तपासा: वळवाची पहिली सर आली की छत्री घेऊन बाहेर उभे राहा. बागेतून बाहेर जाणारं पाणी गडद तांबडं असेल तर माती वाहते आहे. चर आणखी लांबवा.

## टप्पा ३: वाफसा ओळखा

वाफसा म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, खणायला योग्य अशी स्थिती. सगळ्या लेखातून एकच टप्पा करायचा असेल तर हा करा.

वरची माती बघून ठरवू नका. १० ते १५ सेंटीमीटर खोलीवरची मूठभर माती काढा, दाबून लाडू वळा आणि अंगठ्याने हळूच दाबा.

- लाडू फुटून त्याचे दाणे झाले, तर वाफसा आहे. आज खणा.
- अंगठ्याचा ठसा उमटला, कडा चकाकली, बोटांना लाल लेप बसला, तर माती फार ओली आहे. कुदळ परत ठेवा.
- लाडू वळतच नाही आणि ढेकूळ दगडासारखं लागतं, तर फार कोरडी आहे. संध्याकाळी सावकाश पाणी द्या आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा.

दाणेदार उतारावर पाऊस थांबल्यावर दीड दिवसात वाफसा येऊ शकतो, व्हाळाकाठच्या मळीत चार दिवसही लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो बहुधा येतच नाही. वर्षातून खणण्याच्या दोनच भरवशाच्या वेळा मिळतात: मे महिन्यात वळवानंतर, किंवा पाणी देऊन माती नरमवून, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. पावसाळी भाजीचे वाफे मेअखेर तयार हवेत. जूनमध्ये फक्त बी टोकायचं, ते काठीने भोक पाडून.

सावधान: भाताची चिखलणी डोळ्यांसमोर ठेवून भाजीची जमीन करू नका. भातासाठी आपण मुद्दाम दाणे मोडतो, कारण तिथे पाणी साठवायचं असतं. भाजीला नेमकं उलट हवं. शेती जाणणारे हातसुद्धा इथे सवयीने चुकतात.

## टप्पा ४: माती उलटी न करता मोकळी करा

वाफ्याची रुंदी ९० सेंटीमीटर धरा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडा. वाट एकदा ठरली की कायमची. वाफ्यावर पाय द्यायचा नाही, मुलांनीही नाही.

१. आधी वरचं गवत कापा. मुळं जमिनीतच राहू द्या. ती कुजली की पाण्याला वाट होते. फक्त हरळी आणि लव्हाळा मुळासकट, गाठींसकट काढा.
२. पिकावाने किंवा पहारीने २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत माती सैल करा. हत्यार रोवायचं, थोडं मागे ओढायचं आणि पुढे सरकायचं. खालचा फिकट थर वर आणायचा नाही.
३. मोठी ढेकळं कुदळीच्या पाठीने ठेचून पीठ करू नका. मुठीएवढी राहिली तरी चालतील, पहिल्या सरीत फुटतात.
४. शेणखत वर पसरून फक्त वरच्या १०-१५ सेंटीमीटरमध्ये मिसळा.
५. वाटेतली चांगली माती उचलून वाफ्यावर घ्या. वाफ्याला उंची येते आणि वाटेचा आपोआप चर होतो.

पॉवर टिलर भाड्याने मिळतो म्हणून दर हंगामाला फिरवू नका. त्याची पाती वरची माती पिठासारखी करतात आणि पात्यांच्या टोकाखाली गुळगुळीत घट्ट थर तयार होतो. वरून बाग सुंदर दिसते, मुळं मात्र वीतभर खाली जाऊन आडवी वळतात.

## टप्पा ५: काय घालायचं, किती आणि कशानंतर काय

वाळू घालू नका. चिकट मातीवर हा उपाय सगळेच सुचवतात आणि तो बहुतेक वेळा बिघाड करतो. पोत खरोखर बदलायचा तर जवळजवळ मातीइतकीच वाळू लागते. घमेलंभर वाळू चिकणीत मिसळली की ती तिच्यात रुतून बसते आणि माती आणखी आवळते. मी पहिल्या वर्षी एक ट्रॉली वाळू ओतली होती. त्या वाफ्यात पहार मारली की आजही टण् आवाज येतो.

शेणखत किंवा कंपोस्ट: पहिल्या वर्षी दर चौरस मीटरला अर्धं घमेलं, म्हणजे अंदाजे ५ किलो. पुढे वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी त्याच्या निम्मं. उष्ण-दमट हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतो, त्यामुळे 'एकदा भरपूर घातलं' हे इथे पुरत नाही. खत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. कच्च्या शेणात हुमणीचे भुंगे अंडी घालतात आणि पावसाळ्यात अळ्या मुळं कुरतडतात. जुना ढीग वापरतानाही चाळून घ्या आणि पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचा.

चुना: सामू ५.५ च्या खाली असेल तरच. शेतीसाठी मिळणारी चुनखडीची भुकटी दर चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम, एवढ्याने सुरुवात करा आणि दोन वर्षांनी पुन्हा चाचणी करा. कळीचा चुना किंवा शिंपल्या भाजून केलेला चुना फार तीव्र असतो. त्याने रोपं जळतात.

क्रम चुकवू नका: आधी चुना मातीत मिसळा, पाणी द्या, तीन आठवडे थांबा, मग शेणखत. दोन्ही एकत्र घातली तर शेणखतातलं नत्र (नायट्रोजन) अमोनियाच्या रूपात उडून जातं.

स्फुरद: इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला पकडून ठेवतं आणि मुळांना ते मिळत नाही. सुपर फॉस्फेट जमिनीवर फेकून देऊ नका. दुप्पट-तिप्पट शेणखतात मिसळून ते बियांच्या ओळीखाली किंवा रोपाच्या खड्ड्यात, मुळांजवळ द्या. मातीशी संपर्क जितका कमी, तितकं पिकाला जास्त मिळतं. आम्लधर्मी जमिनीत रॉक फॉस्फेटही हळूहळू लागू पडतं. जुनी पानं जांभळट दिसू लागली तर स्फुरदाकडे बघा.

चुलीची राख: पालाश देते आणि आम्लपणाही थोडा उतरवते, पण पावसाळ्यात टाकलेली राख धुऊन जाते. कोरडी साठवा आणि ऑक्टोबरनंतर चौरस मीटरला दोन मुठी भुरभुरा. चुना घातलेल्या वाफ्यात त्या वर्षी राख नको.

हिरवा पाला: गिरिपुष्प कुंपणाला लावलेलं असेल तर घरचा नत्राचा साठा आहे असं समजा. फुलण्याआधी कोवळ्या फांद्या छाटून पाला वाफ्यावर अंथरा.

सावधान: पानं पिवळी दिसली की दुकानदार लोहाची पूड देतो. तांबड्या मातीला लोह कमी पडत नाही. तिचा रंगच त्याचा आहे. पिवळेपणा बहुतेक वेळा पावसाने धुऊन गेलेल्या नत्राचा किंवा पाणी साचून गुदमरलेल्या मुळांचा असतो. आधी मुळाशी बोट घालून ओल बघा. पाणी साचलं नसेल तर शेणाची स्लरी दहापट पाण्यात पातळ करून दर पंधरा दिवसांनी द्या. या मातीत अन्नद्रव्यं टिकत नाहीत, त्यामुळे थोडं थोडं आणि वारंवार दिलेलंच कामी येतं.

## टप्पा ६: पावसाळ्यात उंच, हिवाळ्यात खोल

एकाच आकाराचा वाफा बारा महिने ठेवणं ही जुन्या बागांमधलीसुद्धा चूक आहे. जूनमध्ये पाणी घालवायचं असतं, जानेवारीत धरून ठेवायचं असतं.

मेअखेर २० ते ३० सेंटीमीटर उंचीचे गादीवाफे करा. त्यावर भेंडी, चवळी, काकडी, दोडका, पडवळ, हळद आणि आलं. वेलांचा मांडव पाऊस सुरू होण्याआधीच उभा करा. पावसात खांब रोवायला गेलात तर भोवतीची माती तुडवली जाते. बियाणं शोधताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वाण विचारा. दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता आणि चवळीत कोकण सदाबहार ही नावं विसरू नका. ते या पावसात आणि या मातीत निवडून काढलेले आहेत.

ऑक्टोबरात वाफसा आला की गादीच्या कडा आत ओढून वाफा सपाट करा आणि चारी बाजूंनी चार बोटं उंच वरंबा घाला. लाल माठ, मुळा, वाल, मिरची, वांगी यात. मुळ्यासाठी मात्र वाफ्यात बारीक सरी-वरंबे काढून वरंब्यावर बी टोका, नाहीतर खालचा घट्ट थर लागून मुळा दुभंगतो.

तपासा: पेरणीनंतर वर पापडी धरली का ते पाहा. धरली असेल तर खुरप्याने उकरू नका, कोंब तुटतात. झारीने हलकं पाणी देऊन पापडी नरम करा आणि बारीक चाळलेलं कंपोस्ट पातळ पसरा.

## टप्पा ७: फळझाडाचा खड्डा

आंब्याला १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्यायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. खोट होते ती खड्ड्याच्या भिंतींत. पहारीने तासलेल्या भिंती गुळगुळीत राहतात, आत मऊ खत-माती भरतात, आणि त्या खड्ड्याची पावसात बादली होते. कलम जुलैत कुजतं आणि दोष नर्सरीला जातो. भरण्याआधी पिकावाच्या टोकाने चारी भिंती आणि तळ ओरबाडा, जागोजागी भोकं पाडा. उतार असेल तर खालच्या भिंतीतून चर काढून पाण्याला बाहेरची वाट द्या.

भरताना नुसतं खत नको. खणताना निघालेली वरची माती वेगळी ठेवलेली असते, तिच्यात चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत मिसळून भरा आणि खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. माती खचून ती पावसाळ्याअखेर सपाटीला येते. कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे.

## टप्पा ८: माती उघडी ठेवू नका

पातेरा जाळायची सवय परड्यापुरती तरी सोडा. आंबा, फणस, काजूचा वाळका पाला पोत्यांत भरून कोरडा ठेवा. ऑक्टोबरात रोपं वीतभर झाली की ८ ते १० सेंटीमीटर थर द्या. खालची ओल टिकते, पापडी धरत नाही आणि गांडुळं वर येतात. पावसाळ्यात मात्र थर पातळ ठेवा, जाड थराखाली गोगलगाई वाढतात.

सावधान: तांबड्या जमिनीत वाळवी असतेच. सुका पाला खोडाला टेकू देऊ नका, चार बोटं जागा मोकळी सोडा आणि आठवड्याला एकदा पाला उचलून बघा.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन दिवसांनी भरपूर द्या. रोजच्या शिंतोड्याने मुळं वरच राहतात आणि मार्चच्या उन्हात रोप माना टाकतं. न्हाणीचं पाणी अळू-केळीला जाऊ द्या, पालेभाजीला नको.

## घर, कपडे आणि पाय

बागेइतकाच त्रास घरात येणाऱ्या लाल चिखलाचा असतो. पागोळीखाली दीड फूट रुंद खडीचा पट्टा घाला, म्हणजे भिंतीवर लाल शिंतोडे उडत नाहीत. बागेपासून मागच्या दारापर्यंत जांभ्याचे चिरे बसवा, पण पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं. दर पंधरा दिवसांनी ते खराट्याने घासून काढा. घरातल्या वयस्कर माणसांचे पाय याच वाटेवर घसरतात.

कपड्यावरचा ओला लाल डाग चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग साबणाने धुवा. तरी राहिला तर लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा आणि खळखळून धुवा. क्लोरीनचं ब्लीच लावू नका. डाग लोहाचा आहे, ब्लीचने तो पक्का होतो.

पायाला भेगा किंवा जखम असेल तर पावसाळी चिखलात गमबूट घातल्याशिवाय उतरू नका. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) रुग्ण आढळतात आणि जंतू अशाच जखमांतून शिरतात. चिखलात काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर घरगुती औषधावर थांबू नका. आरोग्य केंद्रात जा आणि चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.